सहा आकडी नंबर

म्हाताऱ्यानं फोन उचलूच नये असं तहसील कचेरीतल्या रेणुकाला वाटत होतं, पण मडिवाळप्पांनी पहिल्याच घंटीला उचलला.

साहेबांना पाच वाजता लातूरच्या आढाव्यात शंभर टक्के तक्रारी निकाली दाखवायच्या होत्या. पोर्टलवर एकच उरली होती, ती मडिवाळप्पांची. गाव आणि लिंगायतांची स्मशानभूमी यांच्या मधे ओढा, आणि त्यावरचा पूल दोन वर्षांपूर्वी वाहून गेलेला. तेव्हापासून गावातलं माणूस गेलं की त्याला बसवलेली डोली पाण्यातून न्यावी लागे. पुलासाठी वर पत्र गेलं होतं, पुढं त्याचं काय झालं ते देव जाणे.

पण तक्रार बंद करायला पूल लागतच नव्हता. तक्रारदाराच्या मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी मिळाला की झालं. रेणुकानं तो मडिवाळप्पांकडून तीनदा काढून घेतला होता. "आप्पा, नंबर दिला की फाईल पुढं सरकते," असं चक्क खोटं सांगून. म्हातारा भोळा. चष्मा शोधून एकेक आकडा वाचायचा, वर "लई उपकार झाले, मॅडम," म्हणायचा. तक्रार बंद झाली आणि पूल काही झाला नाही, हे कळलं की बिचारा एसटीनं उदगीरला जायचा आणि तिथल्या कॉम्प्युटरवाल्याकडून नवी तक्रार भरून यायचा. त्याचं ते "उपकार झाले" आठवलं की रेणुकाला घास गोड लागत नसे. पण साहेबांपुढं तोंड उघडायची तिची हिंमत नव्हती.

आज चौथी खेप. "आप्पा, ते जरा..." एवढंच ती बोलली आणि अडखळली.

"घ्या लिहून," मडिवाळप्पा म्हणाले आणि सहाही आकडे सांगून मोकळे झाले.

तिनं भरले. तक्रार निकाली. शंभर टक्के. पलीकडच्या टेबलावरून साहेब "वा" म्हणाले. रेणुकाला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. फोन तसाच ठेवून देणं तिला जमेना.

"आप्पा, पूल झाला का हो?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई. पण आता नवी तक्रार भरणार न्हाई मी. तुम्हाला उगी तरास."

"असं का म्हणता?"

"आमची घरवाली, लक्ष्मम्मा, सोमवारी गेली. पोरांनी डोली लई वर धरली, पण ओढ्याला पाणीच तेवढं होतं. कमरेपर्यंत भिजली. पूल मला कशाला लागतोय, मॅडम. तिलाच जन्मभर पाण्याचं भ्या होतं."