पहिला तुकडा

वर्षअखेरच्या सुट्टीत आमच्याकडे खिमा भरलेला, परातीएवढा पॅटिस भाजतात. तो सुनेने करायचा आणि पहिला तुकडा तिनेच सगळ्यांसमोर खायचा, हा म्हणे घराण्याने सुनेला दिलेला मान. अकरा वर्षं मी तो मान घेतला आणि सोबत सासूबाईंचं बोलणंही. "हिचा जन्म प्रयोगशाळेत गेला, हाताला चव कुठून येणार?"

यंदा या पॅटिसचं मूळ शोधावं म्हणून मी नवऱ्याच्या नव्वदीतल्या आत्याबाईंना फोन केला. त्या खूप वेळ हसल्या.

"मान कसला, बाई? माझ्या आईचं आणि तुझ्या सासूचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सून विष घालील, या भीतीने आईने हा नियम केला."

सुट्टीच्या दिवशी मी पॅटिस कापला आणि पहिला तुकडा सासूबाईंच्या ताटलीत वाढला.

"या वर्षी मान तुमचा."

त्यांनी ताटलीला हात लावला नाही. मग टेबलावरचे सगळेच थांबले.

 

हातातला काटा सर्वांत आधी खाली ठेवला तो माझ्या नवऱ्याने.