डोक्यातलं कागदावर

आयजार्किन सहावीत असून नववीची गणितं तोंडी सोडवते, पण लिहायला घेतलं की अक्षरं उलटीपालटी होतात. सोमवारच्या लेखी परीक्षेत मदत मिळाली नाही तर ती नापास होणार, म्हणून तिचे वडील, बॉयलर-मिस्त्री सागिनबेक, नारिन शहरातल्या तिच्या शाळेत आले होते.

“डोक्यातलं कागदावर आलं नाही, तर ते आहे हे मी कसं मानू?” मुख्याध्यापिका बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, म्हणाल्या. “आणि आधी अर्ज तरी द्या.”

सागिनबेकनी पेन घेतलं. चहा निवला, तरी कागदावर दोनच शब्द, तेही खोडलेले.

“अहो, आख्खा बॉयलर खोलून जोडता, आणि दोन ओळींना एवढा घाम?”

“बॉयलरमध्ये अक्षरं नसतात, एजे. लेक माझ्यावरच गेलीय.”

त्या हसल्या. “आणा इकडे. तुम्ही सांगा, मी लिहिते.”

सागिनबेक घडाघडा सांगत गेले. पान भरलं.

“बघा, डोक्यात सगळं चोख होतं की! आता मागणी सांगा.”

“परीक्षेत मुलीने उत्तरं सांगावीत आणि दुसऱ्या कुणीतरी ती लिहून घ्यावीत.”

बुरुल एजेंचं पेन थांबलं. त्यांनी आपल्याच अक्षरातल्या त्या अर्जाकडे पाहिलं.

“सोमवारी तिला माझ्याच खोलीत पाठवा,” त्या म्हणाल्या. “आणि चहा घ्या आता, दुसरा ओतते.”