यंदा वाचलेली पुस्तके

जूनच्या चक्रीवादळात दिवेआगरच्या दादा लेल्यांच्या घराचे पत्रे उडाले आणि आयुष्यभर जमवलेल्या पुस्तकांचा पावसात लगदा झाला. तेव्हापासून दादा कमी बोलत आणि त्याहून कमी जेवत. डिसेंबरात गावच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीचा निरोप आला, 'यंदा वाचलेली पुस्तके कळवावीत.' दादांनी प्रामाणिकपणे कळवली : गेल्या सालचं पंचांग, शब्दकोशाचा दुसरा खंड आणि गाईम्हशींच्या आजारांवरचं एक पुस्तक.

वाचनालय सांभाळणाऱ्या क्षिप्राचा लगेच फोन आला. "दादा, थट्टा करताय होय? तुमच्याकडे साधं मांजर नाही, आणि गाईम्हशींचे आजार वाचलेत?"

"मी कुठे वाचलं? ते आपलं आपण वाचलं. वादळातून एवढीच तीन वाचली. बाकीची सगळी गेली गो."

क्षिप्राने फोन ठेवला आणि ग्रुपवर सगळ्यांना ते कळवलं. त्या रविवारपासून दादांच्या ओटीवर लोक पिशव्या घेऊन यायला लागले. कुणी कादंबऱ्या आणल्या, कुणी प्रवासवर्णनं, कुणी दिवाळी अंकांचा गठ्ठा. गावातल्या चार कवींनी तर आपापले संग्रह सहीनिशी दिले. दादा वाचायला बसले, आणि आठवडाभरात आमटीत मीठ कमी असल्याची तक्रारही करू लागले. त्यांच्या पत्नी अनसूयावहिनींनी देवापुढे साखर ठेवली.

पुढल्या डिसेंबरात ग्रुपवर सगळ्यात लांबलचक यादी दादांची होती. खाली एवढंच लिहिलं होतं :

'चारही कवितासंग्रह वाचले. तरीही वाचलो. तुम्हा सर्वांचा मनापासून आभारी आहे.'