आठवी पट्टी

वेंडेल गेली बावीस वर्षं माझ्या सलूनमध्ये दाढी करायला येतो आणि तेवढीच वर्षं आमच्या हरणाऱ्या बास्केटबॉल टीमची अक्कल काढतो. दर जूनमध्ये कॉलेजच्या पोरांतून नवा खेळाडू निवडायचा ड्राफ्ट आला, की हा आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या, टीमच्या एकुलत्या एका जर्सीच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी मारतो आणि तिच्यावर मार्करने नव्या तारणहाराचं नाव लिहितो.

आज मांडीवर जर्सी पसरून आठवी पट्टी चालली होती.

"अरे, ड्राफ्ट पुढच्या आठवड्यात आहे," मी म्हणालो. "आणि गेल्या वर्षीचा पोरगा?"

"तो? फुसका बार निघाला. विका त्याला!" पट्टी नखाने घासत तो तणतणला, "टीम वर यायची कशी रे? मालकाला धीरच नाही. एका पोराला धड रुजू देत नाहीत लेकाचे!"

टीव्हीवर कालची फायनल दाखवत होते. जिंकलेल्या टीमचा कप्तान चषक उंचावून नाचत होता.

"असला एक हिरा आपल्या नशिबात नाही बघ," वेंडेलने उसासा टाकला.



आठही पट्ट्यांच्या खाली, जर्सीवर मुळात शिवलेलं नाव टीव्हीवरच्या त्या कप्तानाचंच होतं.