आवाजाची चाचणी

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा धाकट्या भावाने जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं सॉफ्टवेअर टाकून त्यांच्या उशाचा फोन इंटरनेटवरून माझ्या घराशी जोडून दिला. आमचा निम्मा वेळ "ऐकू येतंय का?" विचारण्यातच जायचा. आवाज तपासायला त्यात एक नंबर होता. तो लावून बोललं की आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकू यायचं.

बाबा गेले. त्यांचा फोन आम्ही काढून कपाटात ठेवला. नंतर एका दुपारी मी उगाच तो नंबर लावला आणि "हॅलो" म्हटलं. माझं "हॅलो" परत आलं. त्याच्यामागे, खरखरीत, बाबांचा खोकला होता.

मी भावाला बोलावून ऐकवलं.

"खरखर आहे, ताई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "एक सेटिंग आहे. नको ते सगळं गाळून टाकतं."

"बाबांना गाळू नकोस."

"काय ठेवायचं ते मशीनच ठरवतं गं."

त्याने ते सुरू केलं. मी पुन्हा नंबर लावला. "बाबा, मी बोलतेय."

माझा आवाज परत आला नाही. खरखरही नव्हती. शेजारी बसल्यासारखा स्वच्छ खोकला आला, आणि मग बाबा म्हणाले, "बोल ना गं. काहीच ऐकू येत नाहीये."