आडवी फांदी

"ही फांदी हलवू नको गं," सकाळी चढताना विमलबाई म्हणाल्या होत्या.

फाट्यावर थांबून त्यांनी करवंदीची फांदी कोयत्याने तोडली आणि दुसऱ्या वाटेच्या तोंडावर आडवी टाकली. वर दगड ठेवला. ती वाट जरा अंतरावर कड्यावर जाऊन संपते. "उतरताना पायाला फांदी लागली की मला कळतं, ही आपली वाट नाय. डोळ्यांवर काय भरवसा ठेवायचा आता?"

"आई, मोबाईलवर दिसते वाट." हर्षलाच्या कडेवर भाविका होती.

"दिसू दे की. तो चार्जिंगला लावल्याबिगर चालत नाय. मी चालते."

सून हसली. सासूही हसली.

देवीपुढे नारळ फोडून झाला. परत निघताना विमलबाई भाजीसाठी भारंगीची पानं खुडायला मागे राहिल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलेलं. पण पान हाताला कळत होतं. "तुमी व्हा फुडं. पोरीला भूक लागली आसंल. ओढ्यावर थांबा, आलेच मी."

फाट्यापाशी भाविका हात सोडवून पळाली आणि फांदीत पाय अडकून पडली. गुडघ्यात काटा मोडला. थोडं रक्त आलं. हर्षलाने काटा काढला, पदराने गुडघा पुसला. मग दगड लाथेने बाजूला केला आणि फांदी उचलून दरीत भिरकावली.

"गेली बघ. आता नाही बोचणार कुणाला."

भाविका रडायची थांबली. दोघी उजव्या वाटेने उतरल्या.

ओढ्यावर बिस्किटांचा पुडा फोडेपर्यंत धुकं खाली आलं. पलीकडचा काठ दिसेनासा झाला. हर्षलाचा हात पुड्यातच राहिला.

"आईऽ" तिने हाक मारली.

हाक समोरच्या कड्यावर आपटली आणि तिकडूनच कुणी मारल्यासारखी परत आली. थोड्या वेळाने वरून, डाव्या वाटेच्या अंगाने, बारीक आवाज आला. "आले गंऽ"

"तिथंच थांबाऽ"

तेही कड्याकडूनच परत आलं.

"आले, आलेऽ" या खेपेला आवाज आणखी कड्याकडे गेला होता.

हर्षलाने तोंडावर हात ठेवला. भाविका ओरडायला लागली तसा तिच्याही तोंडावर ठेवला.

पोरीला कडेवर घेऊन ती पुन्हा चढली. फाट्यावर चिखल होता. त्यात आईंच्या काठीची गोल भोकं, एकापुढे एक, डाव्या वाटेला वळलेली. ती त्या वाटेला लागली. कातळावर शेवाळ होतं. पाय सरकला, तिने एका हाताने झुडूप धरलं. एका बाजूला पांढरं धुकं होतं, त्याखाली किती खोल ते दिसत नव्हतं. पोरीला खाली ठेवून जावं, तर ती मागे येणार. घेऊन जावं, तर तोल जाणार. ती मागे फिरली.

"आजी चुकली?" भाविकाने विचारलं.

"नाही."

तिने मोबाईल डोक्यावर धरून इकडे तिकडे फिरवला. एका झाडाखाली रेंजची एक काडी आली. पोरीला दोन गुडघ्यांत घट्ट धरून ती गावाच्या ग्रुपवर लिहू लागली. बोटं ओली होती. अक्षरं चुकत होती, ती पुसून पुन्हा लिहीत होती.

"ठाकुरवाडीच्या अंगाने कुणी वर असाल, तर देवीकडून उतरताना फाट्यावर जी डावी वाट लागते, तिकडे जाऊन बघा. आमच्या आई तिकडे गेल्यात. हिरवं लुगडं, हातात काठी. लांबून हाक मारू नका, त्या आवाजाकडे चालत येतात. गुपचूप जवळ जा, आधी हात धरा, मग बोला."