फुसकी गोळी

धाड.

धाड.

फुस्स.

शूटिंग रेंजवर जावयाच्या लक्ष्यावर तिसरं भोक दिसेना. जावई पुन्हा चाप ओढणार, तोच तीन लेन पलीकडून सासरे गरजले, “जावईबापू, थांबा! बोट बाहेर काढा, नळी समोरच ठेवा!”

जवळ येऊन, जरा थांबून सासऱ्यांनी पिस्तूल रिकामं केलं, नळीत सळई घातली. ती मध्येच अडली. काडतुसातली दारू कमी पडल्यामुळे गोळी आतच रुतून बसली होती.

“आणखी एक झाडली असतीत, तर नळी हातातच फुटली असती.”

कानांवर जाडजूड इअरमफ असूनही सासऱ्यांनी एवढा बारीक आवाज टिपला, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई तेवढ्या त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या.



“अहो, म्हणजे स्वयंपाकघरातून मारलेल्या माझ्या सगळ्या हाका तुम्हाला ऐकू येत होत्या!”